दिल्लीची दारे, पुस्तकातली अंगणे

दिल्लीला जाणारा माणूस बहुधा यादी घेऊन जातो. लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार, हजरत निजामुद्दीन औलियांचा दर्गा, आणि वेळ उरला तर थोडी खरेदी. आम्हीही यादी केली होती. पण तिच्यात इमारतींच्या आधी दोन पुस्तकांची नावे होती. कारण साधे आहे. जुन्या दिल्लीत फिरणाऱ्याला मशिदी दिसतात, दरवाजे दिसतात, दुकाने दिसतात. घर मात्र दिसत नाही. परक्याला घरात कोण घेणार? आणि ज्या घरांविषयी आपण वाचत-ऐकत आलो, त्यातली बहुतेक आता तशी राहिलेलीही नाहीत. अंगण, अंगणातले झाड, चुलीपाशी बसून हिशेब करणारी बाई आणि तिची बोली, हे सारे आता कादंबरीतच शिल्लक आहे. म्हणून आम्ही ठरवले, की शहर पायांनी पाहायचे आणि घरे पुस्तकातून.

पुस्तके वाचायची कशी, हा मात्र प्रश्न होता. ही अडचण पुष्कळ वाचकांच्या घरात असेल, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आमच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे अम्मी म्हणतात, हयातभर उर्दू वाचत आल्या. दुपारचे काम आटोपले, जोहरची नमाज झाली, की त्यांच्या हातात मासिक किंवा कादंबरी असायची. गेल्या काही वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर नेली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले आहे. मोठे मथळे कसेबसे लागतात. ओळ लागत नाही. दुसरीकडे आमची लेक. ती नववीत आहे, मराठी माध्यमात शिकते. मराठी, हिंदी, इंग्रजी सफाईने वाचते. कुरआन शरीफही वाचते. पण उर्दूचे पान समोर आले की अडखळते. कुरआन शरीफात जेर-जबर लावलेले असतात. उर्दूच्या छपाईत ते गाळलेले असतात, आणि नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर चढून बसतात. तिचा प्रश्न सरळ होता, "मला ऐकून सगळं समजतं ना, मग वाचायला कशाला हवं?" आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवतो. वर्गात या प्रश्नाची चार उत्तरे देता येतात. घरात, स्वतःच्या मुलीला पटेल असे एकही उत्तर आमच्याजवळ नव्हते.

म्हणजे घरात एक वाचणारी होती जिला दिसत नव्हते, आणि एक पाहणारी होती जिला वाचता येत नव्हते. दोघींना जोडले ते मोबाइलने. आता उर्दू कथा-कादंबऱ्या कुणी तरी वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या सहज मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसलो, तेव्हा लेकीच्या मोबाइलमध्ये डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरात-उल-उरूस' उतरवून घेतलेली होती. इअरफोनचे एक टोक अम्मींच्या कानात, दुसरे लेकीच्या. तिचे अब्बू वरच्या बर्थवर झोपलेले. आम्ही समोर बसून दोघींचे चेहरे पाहत होतो.

'मिरात-उल-उरूस' म्हणजे नववधूचा आरसा. १८६९ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक उर्दूतली पहिली कादंबरी मानले जाते. नझीर अहमद यांना आपल्या मुलींना शिकवायला योग्य पुस्तक मिळेना, तेव्हा त्यांनी ते स्वतःच थोडे थोडे लिहून द्यायला सुरुवात केली. पुढे त्याला सरकारकडून एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. गोष्ट दिल्लीतल्या दोन बहिणींची आहे. थोरली अकबरी, आजीच्या लाडाने बिघडलेली. धाकटी असगरी, शिकलेली आणि समंजस. दोघींची लग्ने दोन सख्ख्या भावांशी होतात. अकबरी भांडून वेगळे बिऱ्हाड करते आणि ते बुडवते. असगरी सासरचे विस्कटलेले घर सावरते आणि पुढे घरातच मुलींचा मकतब चालवते.

मनमाड मागे पडेपर्यंत दोघींची भांडणे सुरू झाली होती. स्वतःला हज्जन म्हणवणारी एक भामटी अकबरीचा विश्वास संपादन करते आणि तिचे दागिने घेऊन पसार होते, असा एक प्रसंग आहे. लेक म्हणाली, "ये तो ओटीपी वाली हुई, दादी!" अम्मी हसल्या. मामा अझमत नावाची जुनी मोलकरीण वाण्याच्या उधारीत घराला बुडवत असते. असगरी शांतपणे हिशेब तपासून तिचे पितळ उघडे पाडते. तो भाग अम्मींनी दोनदा ऐकला. त्यांच्या मते सगळ्या पुस्तकात तोच खरा. लेकीला मात्र असगरी आवडेना. तिचे म्हणणे असे, की असगरी म्हणजे वर्गातली मॉनिटर. तिच्या हातून एकदाही काही सांडत नाही, एकदाही तिला राग येत नाही. आणि अकबरीची बाजू घेऊन ती म्हणाली, "दादी, उसको किसी ने सिखायाच नहीं, तो उसकी क्या गलती?"

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लाड नानी ने करे, भुगती पोट्टी."

दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर भुसावळच्या अलीकडे आजी-नातीचे असे बोलणे चालले होते, ही गोष्ट आम्हाला त्या पुस्तकाच्या कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा मोलाची वाटली.

पुस्तकाच्या शेवटाकडे एक दुःखद भाग आहे. असगरीची मुले लहानपणीच दगावतात, आणि वडील दूरंदेश खान तिला सांत्वनाचे पत्र लिहितात. तो भाग सकाळी ऐकला गेला. गाडी आग्र्याच्या जवळ आली होती. अम्मींनी लेकीच्या हातावर हात ठेवला आणि तेवढे पत्र पुन्हा लावायला सांगितले. ते दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी इअरफोन काढून ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. आमच्या थोरल्या जेठांच्या पाठचा एक मुलगा त्यांना झाला होता, तो तीन वर्षांचा होऊन गेला. घरात त्याचे नाव क्वचितच निघते. त्या दिवशी अम्मींनी नातीला त्याचे नाव सांगितले, तो कसा बोलायचा ते सांगितले. आम्हाला त्या घरात येऊन वीस वर्षे होत आली. आम्हीही ते प्रथमच ऐकत होतो.

दुपारी दिल्ली आली. हवा धुरकट होती, ऊन असूनही सावल्या पुसट. जामा मशिदीजवळच्या एका साध्या गेस्टहाउसमध्ये सामान टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आधी पुराणी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनसमोर जाऊन उभे राहिलो. रिक्षावाल्याला वाटले आम्हाला गाडी पकडायची आहे. आम्हाला पाहायची होती ती तिथे नसलेली एक मशीद.

नझीर अहमद बिजनौरकडचे. शिकायला लहान वयात दिल्लीत आले आणि पंजाबी कटऱ्यातल्या औरंगाबादी मशिदीत राहू लागले. ही मशीद औरंगजेबाच्या पत्नी औरंगाबादी महल यांनी बांधलेली. आपल्या दख्खनच्या शहराचे नाव दिल्लीच्या मशिदीला, म्हणून अम्मींना तिचे फार कौतुक. त्या काळी मशिदीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी मोहल्ल्यातल्या घरांतून भाकरी-सालन मागून आणायचे, अशी रीत होती. एका घरी छोट्या नझीरला अन्नाच्या बदल्यात मसाला वाटायला बसवत. त्या घरातली एक लहान मुलगी, हात थांबला की त्याच्या बोटांवर मारायची. पुढे तीच त्यांची पत्नी झाली. मिर्झा फरहतुल्लाह बेग यांनी आपल्या या उस्तादांवर जे प्रसिद्ध व्यक्तिचित्र लिहिले, त्यात हा किस्सा आहे. तो ऐकून लेक लगेच म्हणाली, "म्हणजे अकबरी त्यांच्या घरातच होती!"

१८५७ नंतर रेल्वेसाठी शहराचा जो भाग पाडला गेला, त्यात तो कटराही गेला आणि ती मशीदही. नझीर अहमद ज्या दिल्ली कॉलेजात शिकले, तेही १८५७मध्ये बंद पडले. पुढे काही वर्षांनी सुरू झाले आणि १८७७मध्ये पुन्हा बंद झाले. लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली वस्ती सपाट करण्यात आली. खुद्द जामा मशीद जप्त झाली होती, ती १८६२मध्ये मुसलमानांना परत मिळाली. हे सगळे ज्याने पाहिले, तो माणूस अवघ्या बारा वर्षांनी पुस्तक लिहायला बसतो आणि त्यात काय लिहितो? वाण्याचा हिशेब कसा तपासावा, सासूशी कसे बोलावे, पत्र कसे लिहावे, शेजारच्या मुलींना कसे शिकवावे. पूर्वी हे पुस्तक वाचताना आम्हाला ते फार उपदेशाचे वाटले होते. स्टेशनसमोरच्या त्या गर्दीत उभे राहिल्यावर त्याचा दुसरा अर्थ लागला. मशीद गेली, मदरसा गेला, राज्य गेले. घर उरले होते. जे उरले ते सावरायचे आणि सावरणार मुलगी, म्हणून तिला लिहिता-वाचता आले पाहिजे. त्या काळी मुलींनी वाचावे हे काही घरांना मान्य असे, पण लिहायला शिकावे हे फार थोड्यांना. असगरी दोन्ही करते.

संध्याकाळी जामा मशिदीच्या पायऱ्यांवर बसलो. शाहजहानच्या काळात, १६५६मध्ये ही मशीद पूर्ण झाली. तिच्या पायऱ्यांवर एकेकाळी कबाबवाले, पक्षी विकणारे यांच्या शेजारी दास्तानगोही बसत. लोक त्यांच्याभोवती कोंडाळे करून तासन्‌तास दास्तान ऐकत. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली. उतारवयात श्रोते कमी झाले, तेव्हा त्यांच्यावर सुपारी विकायची वेळ आली होती, असे त्यांच्याविषयी लिहिलेले आहे. १९२८मध्ये ते वारले. पण त्यांचा आवाज पूर्ण हरवला नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणासाठी १९२०मध्ये त्यांच्या आवाजाची तबकडी काढली गेली होती; काही मिनिटांचीच, पण आहे.

हे लेकीला सांगितले तेव्हा ती विजयी मुद्रेने म्हणाली, "बघा, आधी सगळे ऐकतच होते. वाचायचं नंतर आलं." बोलणे चूक नव्हते. आपल्या मराठीतलेच पाहा ना. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, त्याची प्रकरणे म्हणजे एकेक रात्र आहे. श्याम बोलतो आणि मित्र ऐकतात. ऐकणे हे वाचण्यापेक्षा हलके, असे आम्ही कधीच मानले नाही. वर्गात धडा मोठ्याने नीट वाचला, तर मुलांचे अर्धे काम तिथेच होते.

तरीही तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच मुक्कामात मिळाले, आणि ते आम्ही दिलेले नाही.

जामा मशिदीसमोर उर्दू बाजार आहे. नाव अजून तेच. पण पुस्तकांची दुकाने कमी होत चालली आहेत आणि त्यांच्या जागी खाण्याची दुकाने वाढत आहेत. उरलेल्या एका दुकानात म्हाताऱ्या मालकांनी अम्मींना स्टूल दिले. आम्ही 'मिरात-उल-उरूस'ची छापील प्रत मागितली. त्यांनी ती अम्मींच्या हातात दिली, अम्मींनी मुखपृष्ठावरून बोटे फिरवली आणि प्रत नातीकडे सरकवली, "देख, सही है ना?" लेकीने पाहिले. तिला नाव लागेना. पाच दिवस जे पुस्तक ती मुखोद्गत असल्यासारखे बोलत होती, त्याचे नाव तिला वाचता आले नाही. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्या हातून पैसे घेतले आणि पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिले. पण लेकीचे कान लाल झाले होते.

त्या रात्री मोबाइल चार्जिंगला लावला होता, म्हणून आम्हीच छापील प्रतीतून अकबरीचा भाग मोठ्याने वाचू लागलो. दोन पाने झाल्यावर लेक उठून बसली. म्हणाली, "पुस्तकात ती एवढी वाईट वाटत नाही." आम्ही थांबलो. ती विचार करत करत बोलत होती. मोबाइलवरची बाई अकबरीचे बोलणे पहिल्यापासून चिरक्या, कर्कश आवाजात वाचते आणि असगरीचे गोड आवाजात. शब्द तेच, पण अकबरी वाईट आहे हे तिने आधीच ठरवून टाकलेले असते. आमच्या साध्या वाचण्यात अकबरी रागावलेली, घाबरलेली आणि थोडी बावळट मुलगी वाटली. "म्हणजे मी पाच दिवस त्या बाईचंच ऐकत होते," लेक म्हणाली.

अम्मी अंधारातून म्हणाल्या, "हां बेटा. सुनने में बोलने वाले की मर्जी, पढ़ने में अपनी."

आमच्या बीएडच्या पुस्तकांत वाचन-कौशल्यावर पानेच्या पाने होती. त्यात हे इतके थोडक्यात कुठे वाचल्याचे आठवत नाही.

दुसरे पुस्तक आम्ही स्वतःसाठी नेले होते. अहमद अली यांची 'दिल्ली की शाम'. मूळ कादंबरी इंग्रजीत. १९४०मध्ये लंडनच्या होगार्थ प्रेसने छापली. उर्दू अनुवाद त्यांच्या पत्नी बिल्कीस जहाँ यांनी केला. मीर निहाल नावाच्या खानदानी गृहस्थाचे घर, त्यांचे कबुतरांचे आणि पतंगांचे शौक, मुलगा असगरचे बिल्कीसशी हट्टाने केलेले आणि मग थंडावलेले लग्न, तिचे क्षयाने जाणे, आणि शेवटी लकव्याने खाटेवर पडलेले मीर निहाल. मध्ये १९११चा दिल्ली दरबार येतो. शहराची शोभा वाढवायची म्हणून चांदनी चौकातले जुने पिंपळ तोडले जातात. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ येते. मीर निहाल यांच्या अंगणात खजुराचे एक झाड आहे आणि मेंदीचे एक. घराच्या वैभवाबरोबर खजूरही वाळत जातो.

हे पुस्तक आम्ही रोज थोडे वाचत होतो आणि दिवसा त्याच भागात फिरत होतो. चांदनी चौक आता नव्याने बांधला आहे. लाल दगडाची फरसबंदी केली आहे, आणि दिवसा मोटारींना मनाई आहे. १६५०च्या सुमारास शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने हा चौक वसवला. तिने बांधलेली सराय १८५७ नंतर पाडली गेली. चौकाच्या पश्चिम टोकाला फतेहपुरी मशीद आहे, तीही शाहजहानच्या एका बेगमेने बांधलेली. बाहेरच्या शहरातही बायकांचा हात एवढा आहे, हे आम्हाला पुस्तकांमुळेच लक्षात आले. नाहीतर आम्ही फक्त जिलेबी खाऊन परतलो असतो.

लाल कुआंच्या मागच्या गल्ल्यांत शिरलो, तेव्हा हातातले पुस्तक मिटून ठेवावे लागले, इतकी गर्दी. डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे, दोन्ही बाजूंनी गोदामे, हातगाड्या, कागदाचे गठ्ठे. एका ठिकाणी अम्मींचे गुडघे दुखू लागले. दारात बसलेल्या एका बाईने ते पाहिले आणि आम्हाला आत बोलावले. दार जुने, लाकडी, कमानीचे. आत अंगण होते. म्हणजे अंगणाचा उरलेला तुकडा होता. मध्ये विटांच्या भिंती घालून चार बिऱ्हाडे केलेली, एका कोपऱ्यात नळ, दुसऱ्यात मोटारसायकल, वर पत्रा. झाड नव्हते. बाईंनी चहा केला, सोबत रस्क दिले. कुठून आलात, विचारले. जालना त्यांना ठाऊक नव्हते. औरंगाबाद म्हटल्यावर ओळख पटली. अम्मींनी विचारले, इथे पूर्वी झाड होते का? बाई म्हणाल्या, सासूबाई सांगायच्या की होते. कसले ते विचारायचे राहून गेले.

बाहेर पडल्यावर अम्मी हळूच म्हणाल्या, "घर अच्छा था. पन बोली वो नै रही." त्यांना त्या बाईंचे बोलणे बाजारातल्यासारखे वाटले. नझीर अहमद यांच्या पानांतली दिल्लीच्या बायकांची ती म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेली बोली, जिला बेगमाती जबान म्हणतात, ती ऐकायला मिळेल अशी त्यांना आशा होती. आम्हाला मात्र वाटले, की ज्या बाईने ओळखदेख नसताना चौघांना आत घेतले आणि चहा दिला, तिच्या घरातून सगळेच गेलेले नाही. बोली पुस्तकात राहिली, मेहमाननवाजी घरात राहिली.

'दिल्ली की शाम'बद्दल अम्मींचे मत प्रतिकूल आहे. आम्ही त्यांना बराचसा भाग वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ही रडण्याची किताब आहे. नझीर अहमदच्या किताबीत घर पडले तर कुणीतरी उभे करते, इथे सगळे बसून पडताना पाहतात. हे मत आम्हाला पूर्ण मान्य नाही. ज्याचे शहर सुटले, त्याला निदान नीट रडता आले पाहिजे. फाळणीच्या वेळी अहमद अली चीनमध्ये शिकवायला गेलेले होते. त्यांना दिल्लीला परतता आले नाही. ते कराचीला गेले आणि १९९४मध्ये तिथेच वारले. पण अम्मींच्या बोलण्यात तथ्य आहे. त्या घरातल्या बायका दुःख सोसतात, आजारपणे काढतात, लग्ने ठरवतात. हातात लेखणी मात्र कुणाच्या दिसत नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर हा फरक डोळ्यांत भरतो.

त्याच दिल्लीतून १९०८मध्ये राशिद-उल-खैरी यांनी 'इस्मत' हे बायकांसाठीचे उर्दू मासिक सुरू केले. तेव्हा तुमच्या हातात आत्ता जे कौटुंबिक मासिक आहे, त्याचेही एक जुने नाते त्या गल्ल्यांशी आहे. आणि नाते एकतर्फी नाही. आपल्या दख्खनचा वली, त्याचा दिवान १७२०च्या सुमारास दिल्लीत पोचला, तेव्हा तिथल्या शायरांना कळले की फारसी सोडून आपल्या बोलीतही अशी गझल लिहिता येते. दिल्लीने आम्हाला कादंबरी दिली असेल. दिल्लीला गझलेचा रस्ता दाखवणारा दख्खनचाच. हे लेकीला सांगितले, कारण 'आपली उर्दू गावठी' असे तिने कुठेतरी ऐकले होते.

परत आल्यापासून आमच्या घरात एक नेम सुरू झाला आहे. इशाच्या नमाजेनंतर अर्धा तास 'मिरात-उल-उरूस'. लेक छापील पानावर बोट ठेवते, मोबाइलवर तोच भाग हळू वेगाने चालू असतो. कानाला शब्द आधी कळतो, मग डोळा तो पानावर शोधतो. एखादा शब्द ती चुकीचा वाचते, तेव्हा अम्मी पलंगावरून दुरुस्त करतात. त्यांना पान दिसत नाही, पण वाक्य ठाऊक असते. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात चार ओळी झाल्या. आता एक पान होते. परीक्षेच्या दिवसांत खंड पडतो, कधी कंटाळा येतो, कधी दोघी भांडतात. असगरी तिला अजूनही आवडत नाही. हिवाळ्यात ती अकबरीच्या बाजूने एक निबंध लिहिणार आहे म्हणते, मराठीत. आम्ही म्हटले, अवश्य लिही; मराठीत लिही आणि दादीला वाचून दाखव.

वाचकांनी आपापल्या घरात हे करून पाहावे. दिल्लीला जायलाच हवे असे नाही. घरात ज्यांची नजर गेली आहे असे कुणी असेल, आणि ज्यांना लिपी आलेली नाही अशी मुले असतील, तर दोघांना एका पुस्तकासमोर बसवावे. ऐकण्यापासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. उपदेशाचे पुस्तक असले तर मुलांना त्याच्याशी भांडू द्यावे; भांडलेले पुस्तक विसरत नाही. आणि मोठ्यांची नजर, आवाज, आठवण शाबूत आहे तोवर हे करावे. दिल्लीच्या त्या अंगणात कसले झाड होते, हे विचारायचे राहून गेले होते. आपल्या घरात असे काही विचारायचे राहू नये, एवढीच अल्लाहकडे दुआ आहे.